पंप मीच बसवणार

"घरात कुणी गाडीतलं कळणारं असेल तर त्यांना घेऊन या ना, मॅडम," स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवाला म्हणाला.

"आहे ना," मी म्हटलं. "तीच तुमच्यासमोर उभी आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळले. खांद्यावर वायरची गुंडाळी, खिशात टेस्टर, आणि हसू लपवायचा फसलेला प्रयत्न.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... उत्तर आवडलं."

मी त्याच्याकडे पाठ फिरवली. एकदा नाही, तर दोनदा फिरवावी लागली, कारण मधे मी पुन्हा बघितलं होतं.

काउंटरवाल्याने एक भलामोठा खोका माझ्यापुढे आपटला. "हा घ्या. सगळ्यात मोठा फ्युएल पंप. टाका आणि डोळे मिटून चालवा."

"किती दाबाला?" मागून प्रश्न आला.

"काय किती दाबाला?"

"खोक्यावर आकडा लिहिलाय तो मोकळ्या नळाचा. नळाला अंगठा लावला की धार किती राहते, ते सांगा." मग तो माझ्याकडे वळला. "माझं पलीकडे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तुमच्या गाडीला होतंय काय?"

मी सांगितलं. दोन दारांची जुनी टर्बो गाडी, स्वतःच्या कमाईची. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, लोकांच्या कवळ्या आणि कॅप बनवते, आणि महिन्यातून दोन रविवार क्लबच्या ट्रॅकवर असते. आठ महिन्यांपूर्वी मोठा टर्बो बसवला, तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या वर गेला की गाडीला ठसका लागतो.

"आणि क्लबचे सर म्हणतात, मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलते."

"उचलता?"

"नाही."

"मग गाडी उपाशी राहतेय," तो म्हणाला. "इंजिनाची भूक वाढली, जेवण वाढणारा हात तोच राहिला."

बस, एवढंच. 'नक्की ना?' नाही, 'नीट आठवून बघा' नाही. आठ महिने मी सगळ्यांना घसा फोडून सांगत होते. सरांना, मेकॅनिकला, खुद्द माझ्या दादाला. या माणसाने एका 'नाही'वर विश्वास ठेवला. तो मला तिथल्या तिथे आवडून गेला... आणि मला त्याचा भयंकर राग आला.

"अंदाज नको. मोजून दाखवा," मी म्हटलं.

"दाखवतो की."

गुरुवारी सरावाच्या वेळी त्याने इंधनाच्या दाबाचं मीटर माझ्या काचेला चिकटवलं आणि हेल्मेट घालून शेजारी बसला. मी एक फेरी सावकाश मारली. दुसरी सावकाश नाही मारली. लांब सरळ पट्ट्यावर चौथा टाकला, पाय तळाला टेकवला. जिथे दाबाचा काटा चढत जायला हवा, तिथे तो थरथरला आणि खाली आला. लगेच ठसका.

"पडला! काटा पडला!"

"मी पाय उचलला का?"

"नाही हो!"

"मोठ्याने सांगा!"

"नाही उचलला! आता उचला ना... वळण आलंय!"

मी हसत ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा त्याची बोटं दाराच्या मुठीवर घट्ट आवळलेली होती.

"घाबरलात?"

"छे," तो म्हणाला. मग हेल्मेट काढून, केस सारखे करत, "बरंच."

खरं बोलणारे पुरुष मी कमी पाहिलेत.

मग त्याच्या दुकानात, एका वहीवर डोकी भिडवून आम्ही हिशेब मांडला. इंजिनाला किती पेट्रोल लागणार, किती दाबाला लागणार. सगळ्यात मोठा पंप आम्ही बाद केला. नको तेवढं पेट्रोल तो टाकीत परत ढकलत बसला असता, घिरट्या घालून ते तापलं असतं. मधला पंप पुरेसा होता, वर थोडी शिल्लक राहील असा. शिवाय त्याने मीटर लावून दाखवलं की पंपापर्यंत पूर्ण वीजच पोहोचत नाही. मूळची वायर केसासारखी बारीक.

"थेट बॅटरीवरून जाड वायर ओढू. मधे रिले आणि फ्यूज. शनिवारी दुपारी या, बसवून देतो."

"वायर तुम्ही ओढा," मी म्हटलं. "पंप मीच बसवणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "बरं."

शनिवारी पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. शटर सताड उघडं, बॅटरी काढलेली, आग विझवायचं नळकांडं हाताशी. मी मागची सीट उचलली, तिच्याखालचं झाकण उघडलं, पाइपातला दाब सोडला आणि गोल रिंग फिरवून जुना पंप बाहेर घेतला. पेट्रोलचा वास नाकात चढला. तो टॉर्च धरून वाकला होता. इतका जवळ, की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"उजेड टाकीत धरा, माझ्या तोंडावर नको," मी म्हटलं.

"माफ करा... हात भरकटला."

"का?"

"दमलाय बहुतेक."

काउंटरवाल्याने मधल्या पंपाबरोबर दिलेला रबरी पाइप मी हातात घेतला आणि बाजूला टाकला. "हा बाहेरचा पाइप आहे. पेट्रोलात बुडवला तर फुगून फाटेल. आत चालणारा वेगळा असतो, तो मी आणलाय."

"शाब्बास!"

"शाब्बास नका म्हणू. ते पोरांना म्हणतात."

"मग काय म्हणू?"

"म्हणा, बरोबर आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि हळूच, "सुंदरही आहे."

"पाइप?"

"...हो. पाइप."

मी मान खाली घातली. क्लिपचा स्क्रू आवळताना माझे कान तापले होते. दातांच्या कॅपऐवजी टाकीत हात होता, पण सवय तीच. केसाएवढी फट राहिली तरी माणूस घास चावताना शिव्या देतो. नवा पंप टाकीत उतरवला, नवा रबरी वॉशर बसवला, रिंग आवळली, खूण जुळवली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. बँकेत अधिकारी आहे तो. प्रत्येक गोष्टीत त्याला जामीनदार लागतो. मी दाराशी जाऊन घेतला.

"स्वतः कसले पंप बसवतेस? सर म्हणाले, उद्या पुन्हा पाय उचलला तर तुझी जागा दुसऱ्याला देणार. नसती थेरं सोड."

"दादा, उद्या ये आणि बघ," म्हणून मी फोन ठेवला आणि वळले.

तो टाकीवर वाकला होता. हातात पाना. माझी रिंग तपासत होता... नव्हे, आवळत होता.

"तूसुद्धा?"

'तुम्ही' कुठे गेलं, मला कळलंच नाही. त्याने दचकून पाना खाली ठेवला.

"फक्त बघत होतो—"

"माझी पाठ वळल्यावर? समोर विचारायची हिंमत नव्हती? सर निदान तोंडावर बोलतात!"

"पेट्रोल आहे गं ते. गळलं तर..." त्याने पाना माझ्याकडे सरकवला. मग खाली मान घालून म्हणाला, "रिंग घट्टच होती. एक रेघही हलली नाही. माझं चुकलं. तुझ्या हातावर शंका नव्हती. उद्या त्या गाडीत तू असणार आहेस, म्हणून भीती वाटली."

पाऊस वाजत राहिला. मला रडू येत होतं आणि रडायचं तर अजिबात नव्हतं.

"बाजूला हो," मी म्हटलं.

मी रिंग सोडली. पंप पूर्ण बाहेर काढला. क्लिप, पाइप, वॉशर, सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवलं, त्याच्या डोळ्यांसमोर. तो हाताची घडी घालून उभा होता. रिंग आवळून मी पाना त्याच्यासमोर धरला.

"आता विचार. समोर."

"गळेल का?"

"नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. पाना मात्र त्याने घेतला नाही.

त्याची जाड वायर जोडली, बॅटरी लावली, चावी फिरवली. मागून बारीक, एकसुरी गुणगुण आली. मीटरचा काटा चढला आणि थांबला. पेट्रोलाचा एक थेंब नाही. आम्ही दोघं मागच्या सीटच्या जागी गुडघे टेकून ती गुणगुण ऐकत बसलो. जरुरीपेक्षा बराच वेळ.

रविवारी तो माझ्याबरोबर ट्रॅकवर आला. तपासणीच्या टेबलाशी खुद्द सर होते. फॉर्मवर पंप आणि वायरिंग यांच्यापुढे रकाने होते, 'काम कोणी केलं'. पंपापुढे मी स्वतःचं नाव लिहिलं होतं. सरांनी पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"पंप तूच बसवला असशील. तुझं नाव टाक, म्हणजे मी हिला सोडतो."

लायनीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. दादाही होता. एक सही, आणि मी ट्रॅकवर. त्याने पेन उचललं. माझा जीव खाली-वर झाला... वायरिंगच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन ठेवलं.

"वायर माझी. पंप यांनी बसवलाय, माझ्यासमोर, दोनदा. सीट काढलेली आहे, झाकण उघडं आहे, इंजिन चालू करतो. कुठे गळतंय ते दाखवा, सर."

सर वाकले. बोट फिरवून बघितलं, वास घेतला, पुन्हा बघितलं. मग सही केली.

ती फेरी मला अजून अंगात आठवते. लांब पट्टा, चौथा गिअर, पाच हजार, साडेपाच, सहा... पाय तळाला. ठसका नाही. सहा हजार आठशे! गाडी अशी ओरडली, जणू तिचाही आठ महिन्यांचा राग बाहेर पडला. मीही ओरडले.

दिवसभरातली दुसऱ्या नंबरची वेगवान वेळ लागली. सरांच्या लाडक्या पोरांपैकी तिघं माझ्या मागे.

"गाडी सुधारली," सर म्हणाले.

"गाडी सुधारली," मी म्हटलं. "मी होते तशीच आहे."

दादा पुढे आला. खूश होता, पण नजर माझ्या मागे. "छान गं. आणि... हा कोण?"

"वायरिंगवाला," तोच घाईने म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. हेल्मेट अजून हातात होतं, केस घामाने चिकटलेले. असल्या अवतारात कुणी असलं काही बोलत नाही. मी बोलले. "मला तो आवडतो, दादा. त्याला मी आवडते की नाही, अजून विचारलेलं नाही. आवडते का रे?"

दादाने आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं. याचे कान लालबुंद.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"समोरच."

"दुकानात तू काउंटरवाल्याला उत्तर दिलंस ना... तेव्हापासून," तो म्हणाला. "मी त्या दिवशी काही घ्यायलाही विसरलो. नुसताच परत गेलो."

"वायरवाला? आई काय म्हणेल?" दादा पुटपुटला.

"ते आईच सांगेल. आत्ता चाललोय आम्ही."

आणि गेलो. वाटेत तो शेजारी बसून दोनदा म्हणाला, "कपडे तरी बदलू दे." मी बदलू दिले नाहीत. आईने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग त्याचा हात धरलेल्या माझ्या काळ्याकुट्ट हाताकडे बघितलं.

"आई, हा—"

"नंतर सांग," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "दोघंही आधी साबणाने हात धुवा. एकमेकांचे सोडता येत असतील तर."