पाठीला पाठ

आवाज ऐकला आणि सुलेखाच्या हातातला थर्मास वाळूत पडला.

"सुलेखा, हे बघ..."

काळ्या खडकापलीकडून कुणीतरी बोलत होतं. हा आवाज! दीड वर्ष सांगलीच्या माडीवर टेपरेकॉर्डरला कान लावून तिने हाच तर ऐकला होता. लग्न झालं नि पंधरवड्यात अतुल जर्सी सिटीला परतला. तिचा व्हिसा होईपर्यंत त्याच्या कॅसेटी येत राहिल्या, आणि प्रत्येक कॅसेट अशीच सुरू व्हायची. मग शेजारच्या म्हाताऱ्याचं ट्रम्पेट, करपलेली भेंडी, नदीवरचा बोचरा वारा... आणि मध्येच ते खळाळून हसणं. त्या हसण्यावर ती पुरती भाळली होती.

महिन्यापूर्वी विमानतळावर भेटला तो मात्र कुणी भलताच. "चहा घेणार?" "थंडी वाजते?" — की संपलं! कॅसेटमधला तो माणूस गेला कुठे?

त्यात आजची ही सहल. अतुलचे थोरले भाऊ हवाईच्या मोठ्या बेटावर डॉक्टर; त्यांच्याकडे दोघं चार दिवस राहायला आली होती. ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात शिरून फुटतो, त्याच्या चुऱ्याची ही काळीभोर वाळू. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. चटईवर पुरी-भाजीचे डबे उघडले, आणि पद्मिनीवहिनी सहज म्हणाल्या,

"अतुल, सुलेखाला सहा महिने इथेच राहू दे की. ड्रायव्हिंग शिकेल, मलाही सोबत. उद्या तू एकटाच जा. संध्याकाळपर्यंत सांग, तिचं तिकीट कॅन्सल करू."

अतुलने हातातल्या पुरीकडे बघितलं. म्हणाला, "ठीक आहे."

ठीक आहे! सुलेखाने हातातली पुरी डब्यात परत ठेवली. पाणी आणायचं निमित्त करून ती थर्मास घेऊन उठली होती, गाडीपर्यंत जाऊन रेंगाळत परतत होती... आणि आता हा आवाज.

तिने खडकाआडून डोकावलं. अतुल समुद्राकडे तोंड करून बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांत वारा.

"सुलेखा, हे बघ... तुला इथे राहायचं असेल तर — नाही, असं नको. हे बघ, घर मला खायला उठेल. छे! फारच नाटकी."

तिला हसू फुटलं. तो दचकून वळला, आणि शब्द कुठल्या कुठे पळाले.

"चहा... म्हणजे... पाणी हवंय का?"

"वळू नका!"

"अं?"

"समुद्राकडे बघा. अगदी मघासारखं." ती वाळूत बसली. वाळू तव्यासारखी तापली होती, पण तिने हूं की चूं केलं नाही. हळूच त्याच्या पाठीला पाठ टेकवली. "हं. आता बोला. कॅसेट लावली असं समजा."

मग पाठीतून आधी एक थरथर आली, आणि मागून आवाज.

"मी त्या कॅसेटी गाडीत बसून भरायचो. जेवणाच्या सुट्टीत, नदीकाठी. समोर कुणी नसायचं ना... आता तू समोर असतेस. तुझ्याकडे बघितलं की पुढचं वाक्य येतच नाही."

"एवढी भयंकर दिसते मी?"

"एवढी —" तो थांबला. "तो शब्द घरी गेल्यावर सांगेन."

तिचे कान तापले. वाळूमुळे नव्हे.

"मग वहिनींना ठीक आहे का म्हणालात?"

"इथे आल्यापासून तू हसतेस. वहिनींबरोबर स्वयंपाक करताना काल किती हसलीस! माझ्या घरी महिनाभरात एकदाही नाही. मला वाटलं, तुला माझ्यापाशी करमत नाही."

"अहो, तुमच्या घरी हसायला कुणी काही बोलायला तर हवं!"

आणि मग तो हसला. तेच हसणं, पण आता मध्ये टेप नव्हती, सात समुद्र नव्हते. तिच्या पाठीच्या कण्यातून ते सरसरत गेलं. छातीवरचं ओझं कुणी अलगद उचलून घ्यावं, तसा तिने मोकळा श्वास घेतला. होता! तो माणूस इथेच होता.

"अगं बाई, ही दोघं इथे!" पद्मिनीवहिनी धापा टाकत आल्या. मागून त्यांची सहा वर्षांची नीला ओरडली, "मम्मी, शूऽऽ! द टर्टल इज स्लीपिंग!" खरंच, दहा पावलांवर एक भलंमोठं कासव वाळूत पसरलं होतं. इतका वेळ दोघांनाही दिसलं नव्हतं.

"मग? तिकिटाचं काय?"

अतुल उभा राहिला. त्याने सुलेखाकडे बघितलं, आणि झालं!

"वहिनी, ती... म्हणजे... सुलेखा..."

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सुलेखाने पदर सावरला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

मागून आवाज आला, स्पष्ट, न अडखळता.

"वहिनी, तिकीट राहू द्या. हिच्यावाचून मला एक दिवससुद्धा राहायचं नाही."

"अरे देवा! याला तोंड आहे!" वहिनींनी कपाळाला हात लावला.

त्या वेळी सुलेखाचा चेहरा कसा झाला होता, ते समोरच्या समुद्राने तेवढं पाहिलं. आणि कासवाने — तेही एकच डोळा उघडून.