आतून आलेला ठोका

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मामांवर गुदरलेली... भर दुपारी, कारखान्याच्या भट्टीपाशी. रोज देवापुढे दिवा लावते मी, यात पदरचा शब्द घालणार नाही.

मामा कामाला होते त्या कारखान्यात हलकं खनिज यायचं. लोखंड थोडं, मातीच फार. लांबलचक फिरत्या भट्टीत ते कोळशाबरोबर भाजायचं, की कोळसा त्यातला प्राणवायू ओढून घेई आणि लोखंड मोकळं होई.

भट्टीला आतून खनिज-कोळशाचा जाड थर धरायचा. मग भट्टी थांबवून, निववून, एकाने आत शिरून तो फोडायचा. दुसऱ्याने बाहेरून पत्र्यावर हातोडी मारायची. आतल्याने उलट ठोका द्यायचा.

म्हणजे... मी बरा आहे.

भट्टी निवली की भीती सरली, असंच सगळे धरून चालायचे.

त्या दुपारी आत गेला मामींचा धाकटा भाऊ.

"दाजी, डुलकी काढू नका. ताईला सांगेन."

"तोंड आवर आणि कामाला लाग."

मामा ठोकत राहिले. आतून उत्तर येत राहिलं.

मग छिन्नीचा आवाज थांबला...

मामांनी ठोकलं. उत्तर आलं. दमला असेल, टेकला असेल.

पुन्हा ठोकलं. उत्तर आलं... पण अगदी जवळून. पत्र्यावर टेकलेल्या त्यांच्या तळहाताखालीच.

मामांनी हाक मारली.

ओ नाही.

ते आत शिरायला वाकले, आणि आतून ठोक्यांचा नुसता भडिमार सुरू झाला... जणू कुणी दार आतून लावून धरलंय.

मामा मागे सरले. प्राणवायूचे मुखवटे लावून आत शिरणाऱ्यांना बोलावलं.

पोरगा सापडला पार दुसऱ्या टोकाला. छिन्नी अंगाखाली.

"याला जाऊन बराच वेळ झालाय," डॉक्टर म्हणाले. थरात कोळसा धुमसत राहिला होता. त्याच्या विषारी वायूला वास नसतो. "तुम्ही शिरला असतात, तर दोघांना उचलावं लागलं असतं."

मग उत्तर कोण देत होतं?

मामींना हे कुणीच सांगितलं नाही. त्याचे कपडे घडी घालताना त्यांनी एकदाच विचारलं, "शेवटचं काय म्हणाला हो तो?"

मामांनी घडी केलेला सदरा उचलून पेटीत ठेवला.

"बरा आहे म्हणाला."

आता मामा थकलेत. ताट पुढे आलं की आधी बोटाने जमिनीवर हलकेच ठोकतात. आणि थांबतात. अन्न निवून जातं.

परवा मी शेजारीच बसले होते. मला काही ऐकू आलं नाही.

पण मामांनी मान हलवली...

आणि मगच घास घेतला.