बाजूच्या दाराचा उंबरा

रात्री बर्फ पडलं की कॅनडातल्या मिल्टनमध्ये सकाळी दोनदा शोव्हल करावं लागतं. एकदा आपल्या दारातलं, आणि दुसऱ्यांदा रस्ता साफ करणारा प्लाऊ आपल्या दाराशी जो बर्फाचा बांध घालून जातो तो. त्या सकाळी कस्तुरीने बांध फोडला, गाडी काढायला वळली, तेवढ्यात प्लाऊ पुन्हा येऊन गेला. तिने फावडं तिथेच टाकलं आणि त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो असं तिचा नवरा उन्मेष म्हणायचा. राग येण्यासारख्या गोष्टीच इतक्या आहेत, त्याला मी काय करू, असं तिचं म्हणणं होतं.

२०१८चा फेब्रुवारी होता. कस्तुरी जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती करायची आणि त्यासाठी रोज हॅमिल्टनला जायची. वर्कशॉप म्हणजे पूर्वीचं एक ट्रकचं गॅरेज होतं. उंच छत, काँक्रीटची जमीन, खिडकीतून दिसणाऱ्या स्टील मिलच्या चिमण्या आणि कोपऱ्यात कुरकुरणारा हीटर. हा हीटर नंदकुमार काका रोज संध्याकाळी आठवणीने बंद करून जात, त्यामुळे सकाळी आत शिरलं की बाहेर बरं होतं असं वाटायचं.

नंदकुमार काका वर्कशॉपचे मालक. एकाहत्तर साली इंजिनियर म्हणून आले, जन्म मिलमध्ये काढला, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून जुनी चर्च दुरुस्त करायची कंपनी काढली. मंडळाच्या गणपतीत कस्तुरीशी ओळख झाली आणि तिच्या पुण्याच्या डिग्रीला इथे कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनीच तिला काम दिलं. तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची. माणसाला एकदा काका म्हटलं की त्याच्याशी धड भांडताही येत नाही, ही त्यातली अडचण.

वर्कशॉपच्या मधोमध लाकडी ओंडक्यांवर तो दगड ठेवला होता. कॅरिबियनमधल्या एका बेटावरच्या कॅथलिक चर्चच्या बाजूच्या दाराचा उंबरा. आदल्या सप्टेंबरच्या वादळात चर्चचं छप्पर उडालं, घंटेचा मनोरा बाजूच्या दारावर कोसळला आणि उंबऱ्याचे दोन तुकडे झाले. बाकीची दुरुस्ती तिकडेच चालू होती. उंबरा मात्र बोटीने हॅमिल्टनला आणला होता, कारण पैसे देणारा व्हॉल्टन नावाचा बिल्डर जवळच ओकव्हिलला राहायचा आणि या दगडाचं काम त्याला आपल्या नजरेखाली हवं होतं. काळपट, जाड, ज्वालामुखीचा दगड. घाटात रस्ता फोडताना निघतो तसाच, म्हणून कस्तुरीला तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला होता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटीएवढे उथळ खळगे होते. सगळे जोडीजोडीने.

दोन तुकडे स्टीलच्या सळ्यांनी सांधून झाले, त्या दिवशी काका म्हणाले, "आता हे डिप्रेशन्स भरून घे. टॉप एकदम लेव्हल पाहिजे. व्हॉल्टनला त्याच्यावर फॅमिली नेम एन्ग्रेव्ह करायचंय. अल्टारच्या समोर बसवणार आहेत."

"काका, खळगे कसले आहेत माहितीये ना तुम्हाला?"

"वेअर अँड टेअर."

"गुडघ्यांचे आहेत."

हे तिला चर्चच्या फादर अँसेल्मने व्हॉट्सॲपवर सांगितलं होतं. ते चर्च गुलामांनी बांधलं. बांधून झाल्यावर त्यांना आत यायची मनाई झाली. आतल्या बाकांवर मळेवाले बसत, आणि ज्यांनी दगड वाहिले ती माणसं बाजूच्या दाराबाहेर, उंबऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना ऐकत. बाप झाला, मग त्याची मुलं, मग त्यांची मुलं. त्यांची नावं कुठे कोरलेली आहेत का, असं कस्तुरीने विचारलं. तुझ्या समोर आहे तेवढंच आहे, असं फादर म्हणाला. मळा कोणाचा होता हे तिने विचारलंच नाही, कारण ते त्याने आधीच सांगितलं होतं. व्हॉल्टनांचा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "वाईट आहे. पण आपण रिस्टोरेशन करतो, कस्तुरी. हिस्ट्री लिहीत नाही."

"पुसतोय तर."

"क्लायंट आहे तो. हे काम गेलं तर मला शॉप बंद करावं लागेल. तुलाच घरी बसावं लागेल. यू डिसाइड."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तिने चुना कालवला, त्यात त्याच जातीच्या दगडाची पूड घातली आणि गुडघ्याखाली फोम घेऊन संध्याकाळपर्यंत एकेक खळगा भरला. काम तिने चोख केलं. वाईट काम तिला करताच यायचं नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खळगे पुन्हा होते. भरलेला चुना पडला नव्हता, चिरला नव्हता. तो दाबला गेला होता, आणि बाजूने फुगून वर आला होता.

"श्रिंकेज," काका म्हणाले. "पाणी जास्त झालं असेल."

पाणी जास्त झालं नव्हतं. तिने पुन्हा भरलं, आणि सकाळी पुन्हा तेच. या वेळी तिने टॉर्च आडवा धरून पाहिलं. प्रत्येक खळग्याच्या तळाशी चुन्यावर कापडाची वीण उमटली होती. जाडंभरडं कापड, उभे-आडवे धागे स्पष्ट मोजता येतील असं. एका ठिकाणी कापड फाटलेलं असावं, तिथे वीण नव्हती, नुसत्या कातडीच्या बारीक रेषा होत्या. तिने तिथे बोट ठेवलं. हीटर रात्रभर बंद होता, खिडकीला आतून बर्फ धरलं होतं, आणि तो दगड तेवढ्या जागी कोमट होता. आत्ताच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

ती मागे सरली. दगडावरून पाय टाकून पलीकडे जायची रोजची सवय होती, पण ती वळसा घालून गेली.

तिने काकांना बोलावून दाखवलं. काकांनी वाकून पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाले, "शॉपची किल्ली दोघांकडेच आहे. एक माझ्याकडे. एक तुझ्याकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला पटलं नाहीये हे मला कळतं. पण असे खेळ करू नकोस."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी रात्री मिल्टनहून बर्फातून इथे येऊन, गोणपाट गुंडाळून तुमच्या दगडावर गुडघे टेकते, असं तुम्हाला वाटतं का, हे सगळं तिला विचारायचं होतं. तिने फक्त आपली किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

घरी तिने उन्मेषला सांगितलं ते भांडी आदळत.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "दगडच आहे शेवटी."

"आई, why are you so mad at everything?" लेक ईशानीने फोनमधून मान वर न काढता विचारलं.

कस्तुरीने कढई घासायला घेतली. तिचं तिलाच नवल वाटत होतं. गेले काही दिवस वर्कशॉपमध्ये शिरलं की तिचा राग वाढायचा, आणि गाडीत बसून हायवेला लागलं की निम्मा उतरायचा. उरलेला निम्मा आपला, हे तिला समजत होतं. पण तो वरचा कुठून येतो हे समजत नव्हतं.

काकांनी त्या संध्याकाळी खळगे समोर उभं राहून तिच्याकडून भरून घेतले आणि दगडावर प्लायवूड टाकून चारी बाजूंनी स्क्रू मारले. सकाळी त्यांनीच दार उघडलं, तिला शेजारी उभं करून एकेक स्क्रू काढला. प्लायवूड जसंच्या तसं होतं. खाली खळगे होते. आत ओल्या कापडाचा, घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास कोंडून राहिला होता, तो वर आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला.

काकांनी तिची माफी मागितली नाही. किल्ली मात्र परत दिली.

"इपॉक्सी," ते म्हणाले. "एकदा सेट झालं की हातोड्यानेसुद्धा हलत नाही. भर."

"नाही."

"कस्तुरी."

"काका, तुमचे माझ्यावर खूप उपकार आहेत. ते मी विसरणार नाही. पण हे मी करणार नाही. त्या माणसांना आत घेतलं नाही. बाहेर जेवढी जागा दिली तेवढीच त्यांनी घेतली. तीसुद्धा बुजवून वर त्याचं नाव कोरायचं? तुम्हीच करा."

काकांचे दोन्ही गुडघे बदललेले होते आणि डॉक्टरने गुडघ्यांवर बसायला साफ मनाई केली होती. ते तिला माहीत होतं, तरी ती हलली नाही. काकांनी फोम घेतला, टेबलाला धरून कण्हत खाली बसले आणि खळगे भरायला लागले. ती भिंतीला टेकून बघत राहिली.

इपॉक्सी टिकलं. एक दिवस झाला, दुसरा गेला, खळगे परत आले नाहीत. काकांनी मशीनने वरचा थर घासला. काळा, गुळगुळीत, सपाट दगड. जणू त्याच्यावर कधी कोणी बसलंच नव्हतं. आता तो थंडही होता. फादर अँसेल्मला काय सांगायचं, असा कस्तुरीला प्रश्न पडला.

"बघ," काका म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं. "व्हॉल्टन चारला येतोय. जरा पाणी मार, धूळ जाऊ दे. मी पुसून घेतो."

दुपारचं लख्ख ऊन होतं. बाहेरच्या बर्फावरून उजेड आत येत होता. काका दगडाच्याच टोकावर गुडघे टेकून, हातात स्पंज घेऊन बसले. तिने नळी सुरू केली.

पाणी दगडावरून पसरलं, आणि वाहून जायच्या ऐवजी थांबलं.

ते जागोजागी साचलं. वाटीएवढं, गोल. जोडीजोडीने.

काकांनी स्टीलची पट्टी उचलून दगडावर आडवी ठेवली आणि डोळा खाली नेऊन पाहिलं. पट्टी आणि दगड यांच्यात केसभर फट नव्हती. दगड सपाट होता. पाणी मात्र पट्टीच्या दोन्ही बाजूंना तसंच उभं होतं.

त्यांनी स्पंजने पुसलं. पाणी परत आलं आणि त्याच जागी थांबलं.

कस्तुरीने नळी बंद केली. हीटरची कुरकुर थांबली होती. आणि तिला एकदम कळलं की खोलीत खूप राग आहे, आणि तो तिचा नाही. तिचा त्यात अगदी थोडा होता.

पलीकडच्या टोकाला, दोन डबक्यांतलं पाणी हललं.

मग ते कडेवरून सांडलं. दोन्हीकडचं, एकाच वेळी. पाण्याने भरलेल्या भांड्यात हात घातल्यावर सांडतं तसं.

त्याच्या शेजारचं सांडलं.

त्याच्या शेजारचं.

घाई नव्हती. एक जोडी, मग थोडी वाट, मग पुढची. काकांच्या दिशेने.

"काका," ती म्हणाली. "उठा."

काका उठले नाहीत. त्यांनी मानही वर केली नाही. स्पंज त्यांच्या हातातून खाली पडला होता. अगदी जवळची जोडी सांडली आणि त्यांच्या पँटची उजवी बाजू भिजली, तेव्हा ते किंचित दचकले, आणि उजवीकडे, जिथे कोणीच नव्हतं, तिथे बघून हळू आवाजात म्हणाले, "सरकतो हं."

मग ते गुडघ्यांवरूनच, एका हाताने जमिनीला धरत, दगडावरून खाली उतरून बाजूला झाले.

त्यांनी मोकळी केलेली जागा क्षणभर कोरडी राहिली. मग तिथे पाणी आलं, दोन ठिकाणी साचलं, आणि हळूच सांडलं.