गंगाकाकूच्या पानावरची गोळी

यज्ञेश, तो मोबाईल ठेव आधी. ही गोष्ट हेदवीची, गेल्या वर्षीच्या अविधवा नवमीच्या, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाच्या रात्रीची. माझी पुतणी श्रद्धा नर्स आहे, ठाऊक आहे ना? तिनेच मला सांगितली, आणि ती थापा मारणाऱ्यातली नव्हे.

सखारामभाऊंचं खुब्याचं हाड मोडलेलं. अंथरुणातून हलता येत नव्हतं, म्हणून श्रद्धा रात्री त्यांच्याकडे राहायची. मूत्रपिंडं नाजूक. डॉक्टरांनी बजावलेलं, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, तीही ठरल्या वेळेलाच. त्या रात्री गोळीची वेळ झाली, तशी ती कोमट पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. खोलीत भाऊ कण्हत होते.

पाणी घेऊन वळली, तर कण्हणं थांबलेलं.

आतून बाईचा आवाज... "गिळा बघू."

सून हेमा असेल, असं तिला वाटलं. पण हेमा तर माजघरात गाढ झोपलेली. खोलीत कुणीच नव्हतं. भाऊ हसत होते.

गोळी हातात होती. द्यावी आणि मोकळं व्हावं... पण श्रद्धाची सवय, आधी विचारायचं.

"भाऊ, काही घेतलंत का हो?"

"गंगा देऊन गेली. तिच्या गुडघेदुखीची गोळी."

श्रद्धाने मूठ मिटली. गंगाकाकू, भाऊंची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती.

हेमाला उठवलं. ऐकून ती पांढरीफटक पडली.

"अगो, आज सासूबाईंच्या पानावर मीच ठेवली ती गोळ्यांची पट्टी. त्या गोळीशिवाय त्या चहा घेत नसत..."

दुपारी त्या पानाला कावळा शिवला नव्हता.

दोघी बॅटरी घेऊन धावल्या, पान ठेवलं होतं त्या परसातल्या दगडी गडग्याकडे. पान होतं. भात होता. वडे होते. पट्टी...

रिकामी.

श्रद्धाने पट्टी उचलून घेतली. ती गोळी भाऊंच्या मूत्रपिंडांना विषासारखी, आणि तिच्यात पॅरासिटामॉलही असतं. वरून हिने आणखी दिली असती तर? तिने रिक्षा बोलावली. गुहागरच्या इस्पितळाचा रस्ता... काळोख... भाऊ पुटपुटत होते, "तिला माझं कण्हणं बघवेना गो."

भाऊंची लघवी बंद झाली. दोन दिवसांनी सुरू झाली, तेव्हा कुठे हेमाच्या जिवात जीव आला. वाचले.

डॉक्टर मात्र श्रद्धावर खेकसले, "पट्टी फोडून गोळ्या दिल्या कुणी?"

श्रद्धाने पट्टी पुढे केली. डॉक्टरांनी उलटी केली. सुलटी केली.

पट्टी फोडलेलीच नव्हती. मागचा चंदेरी पापुद्रा कुठेच फाटलेला नव्हता. आत मात्र... एकही गोळी नव्हती.