ओझेलाचा हात

कोर्ट उठलं की दोन्ही बायबलं पुसून कपाटात ठेवायची, हे ऑरिन पेटसचं बावीस वर्षांचं काम. चामडी पुठ्ठ्याचं, सोनेरी कडांचं बायबल गोऱ्या साक्षीदारांसाठी. फीत बांधलेलं, पानं सुटलेलं काळ्यांसाठी. जॉर्जियातल्या त्या लहानशा गावात हे कुणी कधी ठरवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑरिननं तरी कुठे कधी विचारलं होतं?

त्या गुरुवारी दुपारी मात्र चामडी पुठ्ठा काही केल्या कोरडा होईना. मधोमध एका हाताचा ओला ठसा. पुसला की जाई, आणि फडक्याची घडी करेपर्यंत पुन्हा उमटे. वास साबणाचा, खळीचा. ऑरिननं तो ओळखला आणि शरमेनं त्याचे कान तापले.

ओझेला ग्रीर ही गावभरचे कपडे धुणारी काळी म्हातारी. मागच्या आठवड्यात भाच्याच्या बाजूनं साक्ष द्यायला ती कोर्टात आली होती. ऑरिननं फीतवालं बायबल पुढं केलं. तिनं ते पाहिलं आणि दुसऱ्यावर हात ठेवला.

"हात काढ, म्हातारे. ते तुमच्यासाठी नाही," ऑरिननं बजावलं.

"साहेब, आतला देव तोच ना? मग राहू द्या की माझा हात."

तिनं हात काढला नाही. जज्जसाहेबांनी कोर्टाचा अपमान म्हणून तिला संध्याकाळपर्यंत कोठडीत टाकलं. ऑगस्टचं ऊन, वर तापलेला पत्रा. दोनदा तिनं गजांतून पाणी मागितलं. पेला एकच होता, तो गोऱ्यांचा. ऑरिन "बघतो" म्हणाला आणि बाहेर सावलीत जाऊन बसला. पाच वाजता दार उघडलं, तेव्हा ती गेलेली होती.

आज सकाळी तिच्या मृत्यूची चौकशी झाली. "पाणी दिलं होतंस, असंच सांग. नोकरीला जप," असं जज्जसाहेबांनी आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. ऑरिननं चामडी बायबलावर हात ठेवला आणि सांगितलं, "दिलं होतं. दोनदा." बोलताना त्याच्या तळव्याखाली पुठ्ठा नव्हता. हात होता... भेगाळलेला, कढत.

आता कोर्टात चिटपाखरू नव्हतं. तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली खुर्ची करकरली. ऑरिननं पाण्याच्या जगमधून तो गोऱ्यांचा पेला भरला, बायबलाशेजारी ठेवला आणि ठशावर आपला हात टेकला. खालून ऊब लागली.

"ओझेला... मी पाणी दिलं नाही. तू मागितलंस ते... ऐकलं होतं मी."

खालचा हात हलला. अगदी हळू, तो निघून गेला. ऑरिनला रडू कोसळलं.

"कुणाशी बोलतोयस रे?"

दारात जज्जसाहेब उभे होते. विसरलेली टोपी न्यायला परत आले होते. खरं सांगायला याहून बरी वेळ आली नसती. जीभ रेटून तो दोन शब्द बोलला असता, तरी पुष्कळ होतं.

"कुणाशी नाही, साहेब," ऑरिन म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं मान खाली घातली.

पुठ्ठ्यावर ठसा पुन्हा उमटला होता. शेजारचा पेला रिकामा होता आणि त्याच्या काठावर ओठांची ओल होती.

"पाणी पीत होतास होय? मलाही दे. जीव नकोसा झालाय उकाड्यानं." जज्जसाहेबांनी तोच पेला उचलून पुढं धरला. "थांबा" म्हणायचं ऑरिनच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं जग उचलून पेला भरला.

जज्जसाहेब गटागटा प्यायले, मग थबकले. त्यांनी पेला नाकाशी नेला.

"साबणाचा वास येतोय रे याला." ते कोठड्यांच्या बाजूला कान देऊन उभे राहिले. "आज कुणाला आत टाकलंय का?"

"नाही, साहेब. सगळ्या रिकाम्या आहेत."

"मग पाणी... कोण मागतंय?"