एका माणसापुरती फळी

“हळू गं, पडशील!”

जिना उतरताना पाठीमागून बाबांची ही हाक यायची. बाबा गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जिना तोच, पायऱ्या त्याच. पण मी धावत उतरले काय नि रेंगाळत उतरले काय, हाक मारायला वर कुणी नाही.

म्हणून त्या सकाळी गल्लीतल्या फळीवर पाय ठेवला आणि समोरून कुणीतरी म्हणालं, “सांभाळून हं!” तेव्हा मी खरंच डगमगले.

नळाच्या पाइपांसाठी आमची गल्ली मधोमध खणली होती. इकडची घरं इकडे, तिकडची तिकडे, आणि मध्ये एका माणसापुरती फळी. मला पलीकडच्या दुकानातून साखर हवी होती. पलीकडून येत होता बेकरीतला भट्टीवाला, रात्रभर पाव भाजून घरी निघालेला. अंगाला उबदार वास, भुवयांवर पीठ.

“आधी तुम्ही या,” मी म्हणाले.

“छे, तुम्ही.”

“अहो, या ना...”

“असंच चाललं तर पाइप घालून होतील, बाई!”

मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

“भुवया पांढऱ्या झाल्यात तुमच्या.”

“म्हातारपणी कसा दिसेन, बघून ठेवा.”

बघून ठेवा म्हणे! दिवसभर तेच कानात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा आणि विचारायचं, ‘आता दिसतं का नीट?’ त्यांना सगळं दिसतं — घड्याळ, पाटी, रस्त्यापलीकडचं झाड. पुढ्यातली मी तेवढी दिसत नाही. संध्याकाळी घरी यावं, एक कप चहा करावा, खिडकीशी उभं राहून तो गार होऊ द्यावा...

खरं तर माझं दुकान माझ्याच बाजूला, घरापासून सरळ. फळी ओलांडायचं काही कारणच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ओलांडली. तिसऱ्याही. पलीकडे जायचं, गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं, तिथून वळसा घेऊन परत इकडे यायचं, मग दुकान.

“उलटी कुठे गं निघालीस?” खालच्या काकूंनी हटकलंच.

“पाय मोकळे करायला.”

“हो का? पावडर लावून होतात वाटतं मोकळे!”

त्याला मात्र वाटायचं, माझं काम पलीकडेच. “तुमच्या दुकानाच्या कृपेने रोज भेट होते,” म्हणायचा. मी पिशवी सावरून पुढे निघायचे.

मग एका सकाळी मातीचे ढीग खड्ड्यात परतू लागले. फळी पार करून तो माझ्या बाजूला उतरला.

“सुटलात एकदाच्या,” तो म्हणाला. “उद्यापासून मीही सायकलवर. भुर्रकन घरी!”

भुर्रकन... सायकल काय, घंटी वाजवते नि निघून जाते. ती कुणासाठी अडत नाही.

“ओ ताई, सरका जरा,” कामगार ओरडला, “फळी काढायचीय.”

मी सरकले. तो हात हलवून चालूही लागला. पाठमोरा, खांद्यावर पीठच पीठ.

“अहो... ऐका ना!”

तो वळला. “काय झालं?”

“माझं दुकान पलीकडे नाहीये. इकडेच आहे, त्या वळणावर. पलीकडे माझं काहीच काम नव्हतं...” मी श्वास घेतला. “मी रोज फळीवर यायचे, ते तुम्ही भेटाल म्हणून.”