दारातून न निघणारं कपाट

दोन महिन्यांत सतरा खोल्या बघून झाल्या होत्या. कुठे भिंतींना ओल, कुठे भाडं ऐकूनच घाम, तर कुठे "एकट्या बाईला देत नाही" असं तोंडावर. बंदराजवळच्या जुन्या बाजारात, तिच्या शिवणाच्या दुकानापासून चालत जाता येईल अशी परवडणारी खोली म्हणजे — छे, नावच नको! तरी ती अठराव्या खोलीचे तीन जिने चढली. जिन्यात दोन हमाल दोर घेऊन बसले होते. त्यांना ओलांडून वर गेली.

दार जुन्या भाडेकरूने उघडलं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. वर्कशॉप शहराबाहेरच्या नव्या बंदरावर हललं, म्हणून खोली सोडत होता. हाताला ग्रीस, आणि हसू असं, की आपण कशाला आलो तेच माणसाने विसरावं.

तिने घाईघाईने गळ्यातली टेप काढली. भिंत मोजली, खिडकी मोजली, दार, कपाट...

"खोलीला कोट शिवताय का?"

"बाह्या तोकड्या होतील हो. खोली आहे की खोकं!"

"पण खोक्यातून समुद्र दिसतो. मान जरा वाकडी करावी लागते, एवढंच."

तिने मान वाकडी केली. दोन इमारतींमध्ये चिंधीभर निळं पाणी होतं. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला — आणि कुणीच बाजूला झालं नाही.

"थांबा, खाली निरोप देऊन येतो," म्हणत तो गेला आणि धापा टाकत परतला. "एक अडचण आहे. हे कपाट... दारातून निघत नाही. राहू दे इथेच. सामान रविवारी थोडं थोडं नेईन. चालेल?"

ती टेप गुंडाळत राहिली. तिच्या मापाने कपाट दारातून काढलं तरी चार बोटं जागा उरत होती.

"चालेल," ती म्हणाली.

ती राहायला आल्यापासून घरमालकीण काकू मागेच लागायच्या, "अगं, काढ ते धूड! शिलाई मशीनला जागा होईल."

"निघत नाही हो काकू."

रविवारी तो यायचा. एकदा स्वेटर नेला, एकदा रेडिओ, एकदा नुसता कंगवा. चहा, वाकड्या मानेने समुद्र, आणि संध्याकाळची बस. उरलेले सहा दिवस दुकानातून आल्यावर मशीन चालायची आणि तिचे कान जिन्यात असायचे. कपाट उघडलं की ग्रीसचा वास यायचा... जीव नुसता तुटायचा. आणि कपाट तर रिकामं होत चाललेलं.

एका रविवारी आत एकच पाना उरला. त्याने तो उचलला.

"झालं. आता यायला काही निमित्त..."

आता नाही तर कधीच नाही!

"निघतं ते," ती एकदम म्हणाली. "चार बोटं उरतात. मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं."

त्याने पाना हातात फिरवला. "मला माहीत आहे. मीच आणलं होतं ते, याच दारातून."

"म्हणजे... जिन्यातले हमाल?"

"कपाट न्यायलाच आले होते. तुम्ही समुद्र बघितलात, आणि मी त्यांना परत पाठवलं."

"आणि मी मशीन कोपऱ्यात कोंबून बसले! लबाड कुठले!" हसता हसता तिने डोळे पुसले.

"मग? बोलवू हमाल?"

तिने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि पुन्हा कपाटात ठेवला.

"पुढच्या रविवारी स्वेटर परत आणायचा. रेडिओपण."

"आणि कंगवा?"

"तोसुद्धा."